बेबीआत्याला शुगर नव्हती

बातमी आली तेव्हा मी घोडबंदर रोडच्या ऑफिसात होते. फोन टेबलावर पालथा ठेवला होता. तो थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. पॅसेजमध्ये येऊन घेतला तर बाबा. "सई, बेबी गेली." मला वाटलं, शहाडहून तिच्या घरी गेली. मोठ्या काकीकडे राहायला जाऊन तिला बरेच दिवस झाले होते आणि एका जागी इतकं टिकणं तिच्या स्वभावात नव्हतं. "एकटीच गेली का?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "शुगर एकदम खाली गेली म्हणे."

नंतरच्या दिवसांत हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं. स्मशानातून परतलेल्या घोळक्यात, आमच्या बाळकुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये, फोनवर. "शुगर होती ना तिला?" "शुगरचं काही सांगता येत नाही बघा." "आमच्या मेव्हण्याचं असंच झालं, सकाळी चहा प्यायला आणि दुपारी..." मी बाजूला उभी राहून मान हलवत होते. होकाराची नाही, नकाराचीही नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, त्यात मनातलं मराठीत बोलायला गेले की वाक्य अर्ध्यावरून इंग्रजीत पळतं. लिहिताना तरी सरळ लिहिते. बेबीआत्याला शुगर नव्हती. कधीच नव्हती.

ती माझ्या बाबांची धाकटी बहीण. कागदोपत्री सुनंदा, पण भावंडांत शेंडेफळ म्हणून बेबी, आणि पन्नाशी ओलांडली तरी बेबीच. लग्न केलं नाही. ठाण्याच्या पुढे, दिवा गावात वन-रूम-किचनमध्ये एकटी राहायची आणि आसपासच्या मराठी माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवायची. बाबांनी कितीदा सांगितलं, बाळकुमला ये, चोवीस तास पाणी आहे, लिफ्ट आहे. ती म्हणायची, "दादा, तुझ्याकडे मी पेशंट असते. इथे मी बाई आहे." जिन्यात तिला हाका यायच्या त्याही तशाच. "बाई, टँकर आला, खाली या!" आणि बाई बादल्या घेऊन मुलांच्या आधी खाली.

माझी आणि तिची खरी ओळख झाली ती मी दहावीला असताना. मी इंग्लिश मीडियमची, आणि बायॉलॉजीचं पुस्तक मी पाठ करत होते, समजून घेत नव्हते. आईनं रविवारी मला तिच्याकडे पाठवायला सुरुवात केली. आत्याला माझ्या पुस्तकातलं इंग्रजी पटकन वाचता यायचं नाही आणि मला तिच्या पुस्तकातलं मराठी. त्यामुळे दोघी एकमेकींना आपापलं पुस्तक समजावत बसायचो. "ए इंग्लिश मीडियम, हॉर्मोनला काय म्हणतात?" "हॉर्मोनच." "संप्रेरक. प्रेरणा देणारं. बघ, शब्दातच काम सांगितलंय, तुझ्या शब्दात काय आहे?" मी म्हणायचे, "आत्या, पण बोलायला केवढा अवघड आहे." "तुझ्यासारखाच आहे. आधी अवघड वाटतो, मग सुटतो."

ग्रंथी म्हणजे गाठ नव्हे, हे ती प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी सांगायची, कारण घरोघरी लोक गाठ म्हटलं की कॅन्सरच समजतात. ग्रंथी म्हणजे शरीरातला छोटा कारखाना, रस तयार करणारा. काही कारखान्यांना नळी असते, लाळेच्या ग्रंथींना असते तशी. काहींना नळीच नसते. त्यांचा माल थेट रक्तात पडतो आणि रक्त तो पोचवतं. त्या अंतःस्रावी. "आपल्या दिव्यासारखं," ती मुलांना म्हणायची, "नळ नाही, तरी पाणी घरात येतं की नाही?" मुलं खदखदून हसायची आणि तो धडा विसरायची नाहीत. गळ्यात फुलपाखरासारखी बसलेली ती अवटू, म्हणजे आपण थायरॉईड म्हणतो ती. ती मंदावली की माणूस सुस्तावतो, अंगानं सुटतो, त्याला थंडी वाजते, आणि घरचे म्हणतात आळशी झालीये. पोटात आडवं झोपलेलं स्वादुपिंड, त्यातून इन्सुलिन. ते कमी पडलं की रक्तातली साखर वाढते, तो मधुमेह. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी. आजारपणात, धक्क्यात, धावपळीत शरीर उभं राहतं ते त्यांच्या जोरावर. आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारी, मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढी पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी. इथपर्यंत आली की आत्या स्वतःच्या कपाळावर बोट ठेवायची. "हिची जागा माझ्याकडे आहे. ती नाही."

ती तिशीची असताना तिचं डोकं दुखायला लागलं. पाळी थांबली. चालताना तिचे खांदे दाराच्या चौकटींना आपटायचे, कारण बाजूचं दिसेनासं झालं होतं. तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं. पीयूषिकेवर गाठ निघाली, साधी, कॅन्सरची नव्हे. ऑपरेशन नाकातून झालं. गाठ गेली, पण जाताना त्या वाटाण्याचं जवळजवळ सगळं काम घेऊन गेली. अवटूला हुकूम जाईना, म्हणून थायरॉईडची गोळी. अधिवृक्काला हुकूम जाईना, म्हणून स्टेरॉईडची गोळी. "माझ्या टोप्या शाबूत आहेत," ती म्हणायची, "पण वरून ऑर्डरच येत नाही." आणि मूत्रपिंडांना 'पाणी धरून ठेवा' असं सांगणारं एक संप्रेरक तिथूनच सुटतं, तेही बंद. त्यामुळे पाणी शरीरात थांबेना. जेवढं प्यायची तेवढं निघून जायचं आणि पुन्हा तहान. त्यासाठी तिसरी, पाण्याची गोळी. या आजाराचं नाव डायबेटिस इन्सिपिडस. नावात डायबेटिस आहे, पण साखरेशी त्याचा काडीचा संबंध नाही. मराठीत उदकमेह. "मधुमेहात निदान मध तरी आहे," आत्या म्हणायची. "माझ्यात नुसतं उदक."

गोंधळ इथेच झाला. हॉस्पिटलातून सोडताना मिळालेला कागद मोठ्या काकांनी वाचला. काका आता नाहीत. त्यांनी पहिला शब्द मोठ्यानं वाचला, 'डायबेटिस', आणि दुसरा कुणालाच वाचता आला नाही. पहिला पुरेसा होता. आत्या तेव्हा शहाडला, काका-काकींच्या घरीच होती. मोठ्या काकीनं त्याच दिवशी साखरेचा डबा वरच्या फळीवर चढवला, आणि तेव्हापासून त्या घरात आत्याचं सगळं वेगळं होऊ लागलं. चहा वेगळा, शिरा वेगळा, दिवाळीचे लाडू खजुराचे. काकीच्या माहेरी तिच्या भावाला शुगर होती, त्यामुळे तिला पथ्यं माहीत होती आणि ती कडक पाळून घ्यायची. मी लहानपणापासून बघत आले. सगळ्यांना जिलेबी वाढून झाली की काकी आत्याच्या पानासमोर थांबायची आणि म्हणायची, "वाईट नको हं वाटून घेऊ, बेबी. तुझ्यासाठी मी काकडीची कोशिंबीर केलीय." आणि बेबीआत्या म्हणायची, "वहिनी, तुमच्यासारखी कोशिंबीर कुणाला जमते का!"

दिव्याच्या त्या रविवारांत मला जेव्हा हे सगळं समजलं, तेव्हा मी तिला विचारलं, की तू सांगत का नाहीस? त्या दिवशी आम्ही डोंबिवलीला तिच्या गोळ्या आणायला गेलो होतो आणि एका दुकानात तिनं मला पीयूष पाजलं होतं, स्वतः दोन ग्लास घेतले होते. "कापलेल्या ग्रंथीच्या नावानं," असं म्हणून. माझ्या प्रश्नावर तिनं मिशी पुसली, पिवळी, दाट पीयूषची मिशी. मग म्हणाली, "शुगर म्हटलं की लोक औषध सांगतात. कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड. हॉर्मोन म्हटलं की लोक पोटाकडे बघतात." मला लगेच कळलं नाही. ती सांगत राहिली, नेहमीच्या शिकवायच्या आवाजात. लग्न ठरलेल्या त्या माणसाच्या घरी जाऊन आजार काय आहे ते तिनंच खरं सांगितलं होतं, आणि त्यांच्यातल्या एका बाईनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "म्हणजे हॉर्मोनचं ना? म्हणजे पुढे मूलबाळ...?" वाक्य तिनं तिथेच सोडलं होतं. लग्नही तिथेच सुटलं. त्यानंतर कुणी विचारलं की आत्या सांगायची, शुगर आहे. शुगर सगळ्यांना असते. शुगरला कुणी नाक मुरडत नाही. "आणि वहिनीला आता कुठल्या तोंडानं सांगू? इतकी वर्षं ती माझ्यासाठी वेगळं करते. माझ्यासाठी वेगळं करणारं दुसरं आहे कोण?"

मी तिला एकदा वाचून दाखवलं होतं, की जगभरच्या डॉक्टरांनी ठरवून या आजाराचं नाव बदललंय, कारण 'डायबेटिस' हा शब्द ऐकून हॉस्पिटलातसुद्धा घोटाळे होतात. पेशंटची साखर तपासत बसतात आणि पाण्याची गोळी द्यायची राहून जाते. आत्या पोट धरून हसली. "चला, माझं नाही तर निदान माझ्या आजाराचं तरी नाव बदललं. लग्नानंतर बदलतात तसं!" मीही हसले होते. आज ते हसू आठवलं की बसलेल्या जागेवरून उठावंसं वाटतं, घरातल्या घरात फेऱ्या मारत राहावंसं वाटतं.

शेवटच्या दिवशी काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी समजलं. शहाडला तिला सकाळपासून उलट्या होत होत्या. अशा वेळी स्टेरॉईडची गोळी वाढवायची असते, आणि पोटात टिकत नसेल तर तेच औषध इंजेक्शननं, ताबडतोब. हे तिला पक्कं माहीत होतं, मलाही तिनं शिकवलं होतं. ती काकीला म्हणाली, "वहिनी, मला इंजेक्शन घ्यायला लागेल. दवाखान्यात जाऊ या." काकी तेराव्याला स्वयंपाकघरात बायकांना सांगत होती, मी दारात उभी होते. "मी तिला म्हटलं, बेबी, पोटात कण नाही तुझ्या. उपाशीपोटी इंजेक्शन घेतलंस आणि शुगर पडली म्हणजे? आमच्या भाऊचं असंच झालं होतं. आधी पेज घे घोटभर, मग जाऊ. पेजही ठरली नाही गं... मग पडून राहिली, बोलेना. शेजारच्यांनी रिक्षा आणली. कल्याणला नेईपर्यंत शुगर पडलीच. इंजेक्शन न घेतासुद्धा पडली, बघा."

बायका चुकचुकल्या. मला मात्र तिथे उभ्या उभ्या कळलं. काकीला वाटलं होतं, इंजेक्शन म्हणजे इन्सुलिन. ज्या बाईला इन्सुलिनची माहिती नसती तिनं मुकाट्यानं दवाखाना गाठला असता. हिला माहिती होती, म्हणून हिनं थांबवलं. आणि साखर पडली ती खरीच होती. अधिवृक्काचं संप्रेरक नसेल तर साखरही टिकत नाही. पण घरच्यांच्या कानांवर 'शुगर' एवढाच शब्द पडला आणि इतक्या वर्षांच्या चुकीवर शिक्का बसला. बाहेरच्या खोलीत आत्याच्या फोटोसमोर तिच्या नावाचं पान मांडलं होतं. त्यात बाकी सगळ्यांसारखीच गव्हल्यांची खीर होती, फक्त वाटी वेगळी. काकीनं ती बिनसाखरेची केली होती.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. कुणाला काय सांगायचं होतं? मेलेलं माणूस परत येत नाही आणि जिवंत माणूस सत्तरीला आलेलं आहे, गुडघे धरून उठतंय, रात्रंदिवस म्हणतंय की माझ्या डोळ्यांसमोर गेली. शिवाय आत्यानं स्वतः लपवलेली गोष्ट. ती उघडी करणारी मी कोण? पण न बोलून मला चैन पडेना. आत्याचा मला इतका राग कधी आला नव्हता. शेवटच्या क्षणी तरी सांगायचंस, की वहिनी, हे इंजेक्शन ते नव्हे... मी तिच्या ठाण्याच्या डॉक्टरांना जाऊन भेटले. त्यांनी बराच वेळ दिला. म्हणाले, अशा अवस्थेत पेशंट गोंधळतो, शब्द सुचत नाहीत, ती सांगू शकली नसेल. मी विचारलं, लवकर नेलं असतं तर? ते म्हणाले, "किती लवकर नेलं असतं तर, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही." मला हो किंवा नाही हवं होतं. ते घेऊन परत आलेच नाही.

मग एक दिवस काकीचाच फोन आला. "सई, तू एकटी ये. बाबांना आणू नको." मी शहाडला गेले. काकी कॉटवर बसली होती, पुढ्यात आत्याची कापडी पिशवी. उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या कुणा गरजवंताच्या उपयोगी पडतील म्हणून ती औषधाच्या दुकानात घेऊन गेली होती. दुकानदारानं एकेक पट्टी उलटून बघितली आणि सहज म्हणाला, "आजी, यात शुगरचं एकही औषध नाहीये."

"त्याला कळत नसेल," काकी म्हणाली. "नाही का गं?"

मी एक पट्टी उचलून तिच्यावरचं नाव वाचलं.

"तुला तर सगळं शिकवायची ती. सांग ना. काय होतं तिला?"

मी सांगितलं. वाटाण्याएवढी ग्रंथी, तिची ऑर्डर, तहान, तिन्ही गोळ्या. मराठीत सांगितलं, आत्याच्याच शब्दांत, आणि या वेळी वाक्य कुठे पळालं नाही. काकी ऐकत होती, पट्ट्यांवरून अंगठा फिरवत. मग तिनं विचारलं, आणि ती हेच विचारणार हे मला दार उघडतानाच कळलं होतं.

"मग इंजेक्शन म्हणत होती, ते कसलं?"

खोटं बोलायची एक वाट होती. ताकदीचं होतं, काकी, त्यानं काही झालं नसतं... जिभेवर आलंही होतं. पण या घरात एका खोट्या शब्दानं काय केलं ते समोरच्या पिशवीत दिसत होतं. मी म्हटलं, "तेच औषध होतं, काकी. या मधल्या गोळीचं. उपाशीपोटी चाललं असतं. पण त्यानं ती वाचली असती का, हे डॉक्टरांनाही माहीत नाही. मी जाऊन विचारलं त्यांना."

काकी रडेल असं वाटलं होतं. ती रडली नाही. एकदम चिडली. "मेलीनं मला सांगायचं नाही? मी काय गावभर केलं असतं? इतकी वर्षं माझ्या हातचं अळणी-फिकं गिळत बसली!" मी म्हटलं, "तू तिच्यासाठी वेगळं करायचीस, ते तिला आवडायचं." यावर मात्र काकीनं पदर तोंडाला लावला.

जरा शांत झाल्यावर तिनंच विचारलं, "तू लिहितेस ना कायबाय? हे लिही. मी इंजेक्शनाला नको म्हटलं तेही लिही. कुणाच्या घरी अशी पेशंट असेल, आणि तिला माझ्यासारखी शहाणी वहिनी असेल..." तिला पुढे बोलवेना. मी म्हटलं, तुझं नाव नाही घालणार. "घाल नाहीतर नको घालू," ती म्हणाली, "पण तिचं नीट घाल. काय म्हणालीस तू... उदक?"

"उदकमेह."

"उदकमेह," काकी म्हणाली. दोनदा म्हणाली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, स्वयंपाकघरात गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, पातेलं ठेवल्याचा. नंतर बराच वेळ काहीच आवाज येईना, म्हणून मी उठून दारात गेले. काकी वरच्या फळीवरचा डबा खाली काढून ओट्याशी उभी होती, झाकण उघडून, हातात चमचा धरून.

"सई," मागे न बघता तिनं विचारलं, "किती साखर घ्यायची गं ती?"